दावा कुठे लावायचा आणि समन्स कसे पोहोचवायचे : सीमेवरच्या आपल्या कुटुंबांसाठी माहिती

तामसी आणि शेजारच्या मंडलांतील मराठी कुटुंबांचे व्यवहार राज्याच्या हद्दीत मावत नाहीत. कापूस आदिलाबादला जातो, सोयरीक किनवटला असते, बियाणे पांढरकवड्याहून येते आणि हातउसने घेतलेला माणूस कामासाठी हैदराबादला किंवा पुण्याला गेलेला असतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. नाती आणि उधारी तेव्हापासून तशीच चालू आहेत. पण न्यायालयाच्या दृष्टीने मधे आता राज्याची सीमा आहे. दोन्हीकडे कायदा एकच असला तरी न्यायालय, भाषा आणि बेलिफ वेगळे आहेत.

बँकेतील नोकरीत आम्ही वसुलीच्या अनेक फायली पाहिल्या. पुरावा पक्का असूनही दावा वर्षानुवर्षे पडून राहतो, याची दोन कारणे वारंवार दिसतात. एक तर दावा चुकीच्या ठिकाणी लावलेला असतो, किंवा प्रतिवादीला समन्स पोहोचलेले नसते. म्हणून या लेखात या दोनच गोष्टींची माहिती दिली आहे. ती वकिलाच्या सल्ल्याऐवजी वापरू नये. वकिलाकडे जाताना कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते कागद न्यायचे, हे कळावे एवढाच हेतू आहे.

छोट्या रकमेचे न्यायालय कोणते?

लघुवाद न्यायालय, म्हणजे बोलीत 'स्मॉल कॉज कोर्ट', मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत आहे. मुंबईचे न्यायालय १८८२ च्या कायद्याखाली आणि पुणे, नागपूरची न्यायालये १८८७ च्या प्रांतिक लघुवाद न्यायालय कायद्याखाली चालतात. आपल्याकडे उधारी, हातउसने पैसे, मालाची बाकी असे लहान दावे दिवाणी न्यायालयातच चालतात. तेलंगणात ते कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशांपुढे आणि महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे जातात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १५ प्रमाणे दावा सर्वांत खालच्या सक्षम न्यायालयातच दाखल करावा लागतो.

आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ साली चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद. पुढे न्यायालयांची विभागणीही त्याप्रमाणे झाली. त्यामुळे जुन्या दाव्याच्या कागदावरचे न्यायालयाचे नाव पाहून नवा दावा तिथेच लावू नये. आज ते गाव कोणत्या न्यायालयाच्या हद्दीत आहे याची आधी खात्री करावी.

दावा कुठे लावता येतो?

याचे मुख्य नियम संहितेच्या कलम १६ ते २० मध्ये आहेत.

१. जमीन, घर, वाटणी, गहाण यांचा दावा जिथे मालमत्ता आहे तिथेच. आपण तामसीला राहत असलो आणि वादातले शेत किनवट तालुक्यात असेल, तर दावा किनवटच्या बाजूलाच चालणार.

२. इजा झाली किंवा जंगम वस्तूचे नुकसान झाले, तर जिथे ते घडले तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो अथवा धंदा करतो तिथे. निवड वादीची.

३. पैशाचे इतर बहुतेक दावे कलम २० खाली येतात. प्रतिवादी जिथे राहतो, धंदा करतो किंवा स्वतः नोकरी करतो तिथे, अथवा दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडले तिथे.

दाव्याचे कारण जिथे घडले, म्हणजे करार झाला ते ठिकाण, माल द्यायचा होता ते ठिकाण किंवा पैसे द्यायचे ठरले होते ते ठिकाण. वादी तामसीला राहतो एवढ्यावरून आदिलाबादच्या न्यायालयाला अधिकार येत नाही. व्यवहाराचा काही भाग तिथे घडलेला असावा लागतो आणि तो वादपत्रात स्पष्ट लिहावा लागतो.

कंपनीच्या बाबतीत मुख्य कार्यालयाचे ठिकाण धरतात. पण ज्या गावी शाखा आहे आणि व्यवहारही तिथेच झाला, तिथे दावा लावता येतो. प्रतिवादी अनेक असतील आणि वेगवेगळ्या गावी राहत असतील, तर त्यांपैकी एकाच्या गावी दावा लावता येतो. मात्र बाकीच्यांची हरकत नसावी लागते किंवा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

आपल्या भागातली आणखी एक बाब. आदिलाबाद जिल्ह्याचा बराच भाग पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र आहे. तिथल्या जमिनीच्या हस्तांतराला १९५९ चा पहिला विनियम आणि त्यातली १९७० ची दुरुस्ती लागू आहे. असे वाद महसूल खात्याच्या विशेष अधिकाऱ्यांकडे जातात. गाव या यादीत आहे का, हे तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय जमिनीच्या वादात एक पाऊलही टाकू नये.

दोन ठिकाणे शक्य असतील तर कोणते निवडावे?

समजा, तामसीच्या शेतकऱ्याने किनवटच्या व्यापाऱ्याला कापूस दिला. माल तामसीत मोजून दिला आणि पैसे आदिलाबादच्या खात्यावर जमा करायचे ठरले. आता दावा आदिलाबादला लावता येईल, कारण व्यवहाराचा भाग इथे घडला. किनवटलाही लावता येईल, कारण व्यापारी तिथे राहतो.

बहुतेकांचा कल जवळच्या न्यायालयाकडे असतो. तारखेला जाणे सोपे, वकील ओळखीचा. या सोयीला महत्त्व आहेच. पण आमचे मत असे की आधी दोन प्रश्न विचारावेत : समन्स कुठे लवकर पोहोचेल? आणि निकाल लागल्यावर वसुली कुठे होईल?

संहितेच्या कलम ३९ प्रमाणे हुकूमनामा देणारे न्यायालय आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर स्वतः अंमलबजावणी करू शकत नाही. आदिलाबादचा हुकूमनामा हाती आला आणि व्यापाऱ्याचे दुकान, गोदाम, बँक खाते सगळे किनवटला असेल, तर तो हुकूमनामा किनवटला पाठवून घ्यावा लागतो आणि दरखास्त तिथे चालवावी लागते. म्हणजे किनवटच्या फेऱ्या टळत नाहीत, फक्त पुढे ढकलल्या जातात. ज्याची सगळी मालमत्ता पलीकडे आहे आणि जो अलीकडे फिरकत नाही, त्याच्यावर पलीकडेच दावा लावणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. तोच व्यापारी आदिलाबादच्या बाजारात गाळा चालवत असेल, तर आदिलाबाद सोयीचे.

वसुलीला काय मिळेल याचाही अंदाज घ्यावा. कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची औजारे आणि शेतीला लागणारी जनावरे जप्त होत नाहीत. पगारातूनही ठरावीक भागच मिळतो.

बिलावर 'न्यायक्षेत्र हैदराबाद' छापलेले असते, त्याचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली हाकम सिंग विरुद्ध गॅमन इंडिया या खटल्यात नियम सांगितला : ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही, त्याला पक्षकारांच्या करारानेही अधिकार मिळत नाही. पण दोन किंवा अधिक न्यायालयांना अधिकार असेल, तर त्यांतले एक करारात ठरवता येते. 'फक्त' हा शब्द नसला तरी असे कलम बंधनकारक ठरू शकते, असे २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस खटल्यात म्हटले आहे. म्हणून सही करण्यापूर्वी कराराची शेवटची बारीक अक्षरे वाचावीत.

चेक आणि ग्राहक तक्रार : इथे नियम वेगळे

चेक परत आला तर परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ लागू होते. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले होते की चेक ज्या शाखेवर काढला, तिथल्याच न्यायालयात तक्रार करावी. त्यामुळे पैसे घेणाऱ्यांना दूरदूर जावे लागले. २०१५ च्या दुरुस्तीने हे बदलले. आता चेक आपल्या खात्यात भरला असेल, तर आपले खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात तक्रार होते. किनवटच्या शाखेचा चेक आदिलाबादच्या खात्यात भरला, तर तक्रार आदिलाबादला. तोच चेक खिडकीवर रोख घेण्यासाठी दिला असेल, तर चेक काढणाऱ्याची शाखा धरली जाते. म्हणून चेक नेहमी खात्यात भरावा.

यातल्या मुदती कडक आहेत. चेक परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार.

बियाणे, औषध, पंप, मोबाईल, विमा यांबाबतची तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. इथे तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल होते. कंपनी मुंबईची असो की बेंगळुरूची, आपल्याला आदिलाबाद पुरते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षे. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात मान्य केले आहे. खराब बियाण्यासाठी दिवाणी दावा लावण्याआधी या वाटेचा विचार करावा.

मुदत कोणासाठी थांबत नाही

हातउसने दिलेले पैसे आणि मालाची बाकी यांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. 'मागशील तेव्हा देईन' या बोलीवर दिलेल्या पैशाची मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात, मागितल्याच्या दिवसापासून नाही. नात्यातल्या व्यवहारात इथेच घात होतो. 'पुढच्या हंगामात देतो' असे तीन हंगाम गेले की दावा बुडतो. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून मुदत पुन्हा मोजली जाते. काही रक्कम परत दिली आणि त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असली, तरीही तसेच. बँका दरवर्षी बाकी मान्य असल्याची सही घेतात ती याचसाठी. घरच्या व्यवहारातही घ्यावी. नाते त्याने तुटत नाही.

चुकीच्या न्यायालयात दावा लावला तर वादपत्र योग्य न्यायालयात नेण्यासाठी परत मिळते आणि प्रामाणिकपणे तिथे घालवलेला काळ मुदतीतून वगळण्याची मागणी करता येते. पण काम नव्याने सुरू होते. हद्दीबद्दलची हरकत प्रतिवादीने अगदी सुरुवातीलाच घ्यावी लागते, हेही दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

समन्स बजावणी : नाव आणि पत्ता

बेलिफ किंवा पोस्टमन यांच्या हातात फक्त कागदावरचे नाव आणि पत्ता असतो. 'अमुकराव, रा. किनवट' एवढ्याने समन्स परत येते. पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, धंदा, घर क्रमांक, गल्ली, जवळची खूण, पिन कोड आणि मोबाईल क्रमांक मिळवावा. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसे असणे आपल्याकडे नवे नाही. दुकानावर दावा असेल तर मालक एकटा आहे, भागीदारी आहे की कंपनी, हे बिलावरच्या जीएसटी क्रमांकावरून पाहता येते. भागीदारी असेल तर एखाद्या भागीदारावर किंवा धंद्याच्या मुख्य ठिकाणी कारभार पाहणाऱ्यावर समन्स बजावता येते. कंपनी असेल तर सचिव, संचालक किंवा प्रमुख अधिकाऱ्यावर, अथवा नोंदणीकृत कार्यालयावर. सरकारी नोकराचे समन्स खात्याच्या प्रमुखामार्फत आणि सैन्यातल्या जवानाचे त्याच्या कमांडिंग अधिकाऱ्यामार्फत पाठवता येते.

समन्स कोणत्या मार्गाने जाते?

संहितेच्या आदेश ५ मध्ये हे मार्ग आहेत :

– न्यायालयाचा बेलिफ;
– पोचपावतीसह टपाल किंवा मान्यताप्राप्त कुरिअर (१ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे);
– ई-मेलसारखी साधने, न्यायालयाच्या नियमांप्रमाणे;
– न्यायालयाच्या परवानगीने वादीने स्वतः नेलेले, म्हणजे 'दस्ती' समन्स.

समन्सबरोबर वादपत्राची प्रत जावी लागते. म्हणून जितके प्रतिवादी तितक्या प्रती आणि प्रत्येकाची प्रोसेस फी वेळेवर भरावी. फी न भरल्यामुळे समन्स निघाले नाही तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. समन्स बजावल्याशिवाय परत आले आणि सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तरीही तोच धोका.

प्रतिवादी घरी नसेल, लवकर सापडण्यासारखा नसेल आणि त्याच्या वतीने समन्स घेणारा कोणी मुखत्यार नसेल, तर घरातल्या प्रौढ व्यक्तीकडे समन्स देता येते. ती स्त्री असो वा पुरुष. घरचा नोकर मात्र कुटुंबीय धरला जात नाही. घेण्यास नकार दिला तर बेलिफ समन्सची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवतो आणि अहवाल देतो. घर कोणी दाखवले आणि कोणासमोर प्रत चिकटवली, त्यांची नावे अहवालात असावी लागतात. ही नावे नसली की पुढे बजावणीवर वाद होतो. म्हणून शक्य असेल तर घर दाखवायला आपला माणूस बेलिफाबरोबर पाठवावा.

टपालाने गेलेले समन्स नाकारल्याचा शेरा आला, तर न्यायालय ते बजावले असे जाहीर करू शकते. पत्ता बरोबर असून पोचपावती ३० दिवसांत आली नाही, तरीही तसे जाहीर करता येते. म्हणूनच पत्ता बरोबर असणे एवढे महत्त्वाचे. साध्या व्हॉट्सॲप संदेशावर विसंबू नये. न्यायालयाने परवानगी दिली तरच त्याचा उपयोग, तोही इतर मार्गांच्या जोडीला.

सीमेपलीकडचा प्रतिवादी

दावा आदिलाबादला आणि प्रतिवादी किनवटला असेल, तर कलम २८ लागते. आदिलाबादचे न्यायालय समन्स तिथल्या न्यायालयाकडे पाठवते. तिथले न्यायालय ते स्वतःचेच समन्स समजून बजावते आणि अहवालासह परत पाठवते. तिथला अहवाल मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. या वाटेला वेळ लागतो. म्हणून वकिलाला सांगून टपालाचा मार्गही त्याच वेळी मागावा. उलट बाजूने, किनवटच्या न्यायालयाचे समन्स तामसीला येणार असेल तर ते आदिलाबादमार्गे येते.

सगळे करूनही माणूस सापडत नसेल किंवा टाळत असेल, तर पर्यायी बजावणीचा अर्ज करावा. न्यायालय समन्स आपल्या आवारात आणि प्रतिवादीच्या शेवटच्या ज्ञात घरावर लावण्याचा किंवा वृत्तपत्रात छापण्याचा हुकूम देऊ शकते. वृत्तपत्र दैनिक हवे आणि प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता त्या भागात ते खपणारे हवे. किनवटच्या माणसासाठी आदिलाबादच्या तेलुगू दैनिकातली जाहिरात उपयोगाची नाही.

समन्स आपल्याच दारी आले तर

'घेतलेच नाही तर केस चालत नाही' हा समज गावोगावी आहे आणि तो घातक आहे. वर सांगितल्याप्रमाणे नकार म्हणजेच बजावणी. समन्स घ्यावे, तारीख लिहून ठेवावी आणि लगेच वकील गाठावा. लेखी जबाब ३० दिवसांत द्यायचा असतो. सबळ कारण दिल्यास न्यायालय ९० दिवसांपर्यंत वेळ देते. आपण गेलो नाही तर निकाल एकतर्फी होतो.

समन्स खरोखर मिळाले नव्हते, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत करता येतो. मात्र दाव्याची तारीख माहीत होती आणि हजर राहायला वेळही होता असे दिसले, तर केवळ बजावणीतल्या किरकोळ त्रुटीवर तो रद्द होत नाही.

दाव्याआधीची एक वाट

नात्यातला किंवा शेजारचा वाद असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत बसावे. दावा लावण्यापूर्वीही हे करता येते. तिथला तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. चालू दाव्यात तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो.

वकिलाकडे जाण्यापूर्वीची यादी

१. व्यवहार कोणत्या गावी झाला, पैसे कुठे द्यायचे ठरले, याचा कागद.
२. पैसे दिल्याची तारीख आणि शेवटच्या लेखी कबुलीची तारीख.
३. करारात किंवा बिलावर न्यायक्षेत्राचे कलम आहे का.
४. प्रतिवादीचे पूर्ण नाव, आजचा पत्ता, कायमचा पत्ता, मोबाईल.
५. त्याची मालमत्ता, नोकरी किंवा बँक खाते कोणत्या गावी आहे.
६. पाठवलेली नोटीस, टपालाची पावती आणि पोचपावती.
७. दावा दाखल झाल्यावर १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक. त्यावरून ई-कोर्ट्सवर पुढची तारीख घरबसल्या पाहता येते.

यांपैकी चौथी आणि पाचवी बाब उधार देतानाच लिहून घेणे सर्वांत सोपे असते. चिठ्ठीवर गाव, तारीख, दोघांचे पूर्ण पत्ते आणि पैसे कुठे परत करायचे ही एक ओळ लिहिली, तर पुढे दावा कुठे लावायचा हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो.